लिंबूटिंबू बंद

नीळकंठ गुरुजी माणूस म्हणून वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं ऐकून कोणी त्यांना नावं ठेवील, आणि ते काम त्यांनी स्वतःच जन्मभर पुरेल इतकं करून ठेवलं. बासष्टच्या जूनमध्ये ते वरवट बकालच्या शाळेत बदलून आले. मूळचे खामगावचे. धोतराला डाग नाही, टोपी कधी तिरकी नाही, घंटा व्हायच्या आत वर्गात हजर. गावात कोणाकडे चहा प्यायले, तर दुसऱ्या दिवशी त्याला घरी बोलावून चहा पाजणार. पोरगा पाटलाचा असो की सालदाराचा, छडी सारखीच बसायची. या सारखेपणाचा त्यांना फार अभिमान होता. मास्तरने एकदा का डावं-उजवं केलं की त्याच्या शब्दाला गावात किंमत राहत नाही, असं ते उठताबसता म्हणायचे.

त्यांना एकच मुलगा. नाव शरच्चंद्र, घरात शरू. तीन वर्षांचा असताना त्याला सडकून ताप आला. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि डाव्या पायातली ताकद घेऊन गेला. गुडघ्याखाली पाय वाळत गेला, मांडीत तेवढा थोडा जीव उरला. खामगावच्या डॉक्टरांनी गुरुजींना आणि त्यांच्या बायकोला, शारदाबाईंना, समोर बसवून स्पष्ट सांगितलं, "औषधं शोधत गावोगाव फिरू नका. आहे तेवढा पाय टिकवायचा असेल, तर पोराला बसू देऊ नका. चालू द्या, पळू द्या, पडला तर पडू द्या. बसून राहिला की गुडघा आखडेल, आणि एकदा आखडला की सरळ करणं फार कठीण."

सांगायला काय जातं. शारदाबाई रोज सकाळी तिळाचं तेल कोमट करून पाय चोळायच्या आणि शरू सगळी आळी जागी करायचा. अंगणात वीस फेऱ्या मार म्हटलं की तिसऱ्या फेरीला फतकल मारून बसायचा. गुळाचा खडा दाखवा, रागवा, हातापाया पडा, पोर जागचं हलायचं नाही. आळीतली मुलं त्याला खेळात घेत नव्हती, कारण तो पडला तर मास्तर रागावतील. दोन वर्षं अशीच गेली. शारदाबाई देवापाशी दुसरं काही मागतच नव्हत्या.

वरवटला आल्यावर आठव्या दिवशी शरू संध्याकाळचा घरातून गायब झाला. शारदाबाई घाबऱ्याघुबऱ्या शोधत निघाल्या, तर हा पंजाबरावांच्या गोठ्यामागच्या पडीत जागेत धुळीने माखलेला, पोरांबरोबर आट्यापाट्या खेळतोय. पंजाबराव म्हणजे गावातले मोठे जमीनदार, आणि ती मोकळी जागा म्हणजे गावच्या पोरांचं मैदान. जमिनीवर राखेने आडव्या रेघा ओढायच्या, त्या पाट्या. एकेका पाटीवर एक गडी राखणीला. दुसऱ्या बाजूच्या गड्यांनी त्या ओलांडत पलीकडे जायचं आणि तसंच परत यायचं. पाटीवरच्याने हात लावला की बाद. जो सगळ्या पाट्या पार करून परत येईल त्याने 'लोण' म्हणून आरोळी द्यायची, की त्याच्या बाजूचा डाव जिंकला.

शरू डावा हात डाव्या मांडीवर दाबून, कंबर हिसडत पळायचा. पण पळायचा. पडायचा, उठायचा, पुन्हा पळायचा. अंधार पडेपर्यंत घरी यायचं नाव नाही. आला की उंबऱ्यातूनच सांगायचा, "आई, आज मी दोनदा लोण आणलं." पाय चोळताना रडणंसुद्धा बंद झालं, चोळता चोळताच झोपून जायचा. वर्षभराने डॉक्टरांनी फितीने मांडी मोजली तेव्हा ती अर्धा इंच भरली होती. डॉक्टर चकित झाले. म्हणाले, "काय करता काय तुम्ही?"

"काही नाही, खेळतो," गुरुजी म्हणाले.

"मग तेच करा. दुसरं काही करू नका."

दुसरं काही करू नका, इतकं सोपं सांगणं होतं. पण गुरुजींना गप्प बसवेना, त्याला काय करायचं?

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात ते अमरावतीला शारीरिक शिक्षणाच्या शिबिराला गेले. चाळिशीचा माणूस, सहा आठवडे पहाटे उठून कवायत करून आला आणि पार बदलून आला. रंग रापलेला, गळ्यात शिट्टी, पिशवीत मोजायची फीत आणि खेळांच्या नियमांचं पुस्तक. पंधरा ऑगस्टला त्यांनी झेंड्याखाली भाषण केलं, की ज्या गावची पोरं मैदानावर दिसत नाहीत त्या गावात पुढे दवाखान्यात गर्दी दिसते. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या दिवशी पोरांना शेतात निंदणाला, तण काढायला नेलं. पण गुरुजी सोडणारे नव्हते. घरोघर फिरले. "दिवसा शेतात न्या, माझं म्हणणं नाही. संध्याकाळचा एक तास मला द्या." कोणी हसलं, कोणी खेळून काय पोट भरते काय म्हणालं, एकाने तर तोंडावर दार लावलं. तरी दसऱ्यापर्यंत पंधरा पोरांची एक्केचाळीस झाली. हे त्यांचं श्रेय आहे आणि ते कोणी काढून घेऊ नये.

दसऱ्यानंतर पडीत जागा साफ केली. राखेच्या जागी चुना आला, पाच पाट्यांच्या नऊ झाल्या, पुस्तकात होती तशी लांबी-रुंदी फितीने मोजून. जानेवारीत जळगाव-जामोदला तालुक्याचे सामने होते आणि गुरुजींना ढाल आणायची होती. पंजाबराव रोज संध्याकाळी गोठ्याच्या भिंतीला बाज लावून खेळ पाहायला बसू लागले. त्यांच्यामुळे आणखी चार रिकामे गडी येऊन बसायचे.

अशाच एका संध्याकाळी पंजाबराव म्हणाले, "गुरुजी, एक गोष्ट इचारू काय? राग नोका मानू."

"विचारा की."

"तुमचं पोरगं बादच होऊन नाई राह्यलं. म्या तीन दिवसापासून पाहून राह्यलो. त्याले हात लागते, तरी ते आपलं पुढंच. मास्तरचं पोरगं म्हणून सूट हाय काय?"

आणि ते हसले. बाजेवरचे बाकीचेही हसले. पंजाबरावांच्या मनात काही नव्हतं. थट्टा करायला माणूस मिळाला नाही तर ते आपल्या बैलाची करायचे. पण गुरुजींच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. ज्या एका गोष्टीवर आपण मान वर करून गावात फिरतो, तिच्यावरच या माणसाने बोट ठेवलं, असं त्यांना झालं. ते वळून खेळाकडे बघू लागले. आजवर ते शरूच्या पायाकडे बघायचे, कारण बापाला दुसरं काही दिसतच नव्हतं. आज त्यांनी पाटीवरच्या पोरांच्या हाताकडे पाहिलं. एका डावात शरूला चार वेळा हात लागला. चारही वेळा तो पुढे गेला, परत आला आणि 'लोण' म्हणून ओरडला.

खेळ संपल्यावर त्यांनी कचरूला बाजूला घेतलं. कचरू सातवीतला, पोरांचा म्होरक्या. त्याचा बाप पंजाबरावांकडेच सालदार होता.

"कचरू, शरूला हात लागला होता ना?"

"लागला नं गुरुजी."

"मग बाद का दिला नाही?"

कचरूने आजूबाजूला पाहिलं, शरू लांब आहे याची खात्री केली आणि आवाज उतरवून म्हणाला, "तो लिंबूटिंबू हाय नं. आमी त्याले धरतो बराबर, सोडत नाई. निस्ता मोजत नाई."

"त्याला हे ठाऊक आहे?"

"नाई नाई. आमी त्याले म्हणतो का पाटीवाल्याचा पाय रेघेवर नव्हता, म्हणून तू बाद नाई. त्याले खरंच वाटते." मग तो थोडा घुटमळला. "गुरुजी, त्याले सांगू नोका हं."

आता बघा. बारा-तेरा वर्षांच्या पोरांनी आपसात ठरवून, एका शब्दाचा बोभाटा न करता, वर्ष-सव्वा वर्ष एक पोर पळतं ठेवलं होतं. एक्केचाळीस तोंडं, त्यांतलं एकही फुटलं नव्हतं. दुसरा कोणी असता तर त्याने कचरूच्या डोक्यावरून हात फिरवला असता आणि घरी जाऊन जेवला असता. गुरुजींना दुसरंच वाटलं. मास्तरच्या धाकाने, मास्तरला खूश ठेवायला पोरं हे करतात, असं त्यांच्या मनाने घेतलं. हे कधीपासून चाललंय, एवढं जरी विचारलं असतं तरी कचरूने सांगितलं असतं, की पहिल्या दिवसापासून. हे पोरगं कोणाचं आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं तेव्हापासून. पण विचारायचं राहिलं. पुढे आयुष्यभर त्यांना बाकी सगळ्यापेक्षा या न विचारलेल्या प्रश्नाचं जास्त दुःख झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिट्टी मारून सगळ्या पोरांना रांगेत उभं केलं. पुस्तक उघडून नियम वाचले. पंजाबराव बाजेवर होतेच. शेवटी पुस्तक मिटून गुरुजी मोठ्याने म्हणाले, "आणि एक. बाद म्हणजे बाद. लिंबूटिंबू आजपासून बंद. नियम सगळ्यांना सारखा. मग तो माझा मुलगा शरच्चंद्र का असेना."

"वा गुरुजी," पंजाबराव बाजेवरून म्हणाले. "याले म्हणते मास्तर."

गुरुजींना बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी त्यांना फार बरं वाटलं. मग त्यांचं लक्ष दुसऱ्या रांगेकडे गेलं. शरू मांडीवर हात दाबून उभा होता. त्याने आधी डावीकडच्याकडे पाहिलं, मग उजवीकडच्याकडे. दोघेही खाली बघत होते. तो मागे वळला. मागची रांगही खाली बघत होती.

घरी शारदाबाई भाकरी थापत होत्या. शरू चुलीपाशी येऊन बसला. मग म्हणाला, "आई, लिंबूटिंबू म्हणजे अगदी बारकी पोरं ना? तीन-चार वर्षांची?"

"हो. का रे?"

"मी तर सात वर्षांचा आहे."

शारदाबाईंचा हात पिठात थांबला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. गुरुजी खुंटीला टोपी अडकवत होते.

"बाबा," शरू म्हणाला, "माझी सगळी लोणं खोटी होती का?"

गुरुजी त्याच्याजवळ बसले. वर्गात समजावतात तसं शांतपणे म्हणाले, "असं बघ, जे झालं ते झालं. पण आता तू जे लोण आणशील, ते खरं असेल. मग ते एक का असेना. समजलं?"

शरूने मान हलवली. त्याला समजलं होतं. त्याला जरा जास्तच समजलं होतं. तो हातपाय धुवायला न्हाणीत गेला तेव्हा शारदाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. गेल्या दिवाळीत त्याला बोलवायला गेले होते, तेव्हाच पाहिलं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं होतं? पोर पळत होतं."

गुरुजी म्हणाले, की अशा खोट्यावर मुलगा वाढवायचा नसतो. शारदाबाईंनी पुढे वाद घातला नाही. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, पण त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

पुढचे अकरा दिवस शरू खरा गडी म्हणून खेळला. पहिल्याच पाटीवर बाद. रोज. कचरूने एकदा मुद्दाम पाऊल आखडतं घेतलं, तर गुरुजींची शिट्टी वाजली, "कचरू, पाय उचल." कचरूने पाय उचलला आणि शरू बाद झाला. बाद झालेल्याने डाव संपेपर्यंत रेघेबाहेर उभं राहायचं, असा नियम होता. तासातली पन्नास मिनिटं तो रेघेबाहेर उभा असायचा. दोन्ही बाजूंचे म्होरके गडी वाटून घ्यायचे तेव्हा शरू शेवटी उरायचा, आणि ज्याच्या वाट्याला जाईल तो काही बोलायचा नाही, पण त्याचं तोंड उतरलेलं दिसायचं. शरूला ते दिसत नव्हतं असं कोण म्हणेल? बाराव्या दिवशी त्याने खेळायला उभं राहायचंच नाकारलं. बाजेच्या पायाशी जाऊन बसला.

तेव्हा गुरुजींनी त्याला एक वही दिली. कोण कितव्या पाटीवर बाद झाला, कोणी किती लोणं आणली, हे लिहायचं. शरूचं अक्षर सुरेख. त्याने पट्टीने रकाने आखले, नावं लिहिली, आणि आठवडाभरात अशी वही ठेवली की पोरं डाव संपला की त्याच्याभोवती गोळा व्हायची. "शरू, माहे किती?" "शरू, त्याच्यापेक्षा जास्त हाय नं?" शरू उत्तर द्यायचा. हसायचासुद्धा. गुरुजींना वाटलं, चला, मार्गी लागलं. मुलाला मान मिळाला आणि नियमही राहिला. इथे मला त्यांचा खरा राग येतो. ज्या पोराला बसू देऊ नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, त्याला त्यांनी स्वतःच्या हाताने बसायचं काम दिलं होतं. चांगलं, मानाचं, रोजचं काम.

शारदाबाईंनी दोनदा सांगून पाहिलं. "अहो, तो आता शाळेतून आला की बसतोच. बाजेपाशी बसतो, नाहीतर घरी बसतो. सकाळी पाय चोळताना पुन्हा रडायला लागलाय." गुरुजी म्हणाले, तालुक्याचे सामने होऊ दे. जानेवारीत सामने झाले. वरवटच्या पोरांनी जळगाव-जामोदला ढाल जिंकली. परत येताना गावाच्या वेशीवर लेझीम आली, पंजाबरावांनी गूळ-खोबरं वाटलं, कचरूला लोकांनी खांद्यावर घेतलं. शरू बैलगाडीत वही मांडीवर घेऊन बसला होता. भाषणात गुरुजींनी त्याचंही नाव घेतलं, आमचा गुणलेखक म्हणून. मग फेब्रुवारीत बुलढाण्याला जिल्ह्याचे सामने होते, म्हणून थांबले. तिथे हरले. मग वार्षिक परीक्षा होती.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शारदाबाईंनी पाय चोळायला शरूला चटईवर निजवलं. उजवा पाय चटईला टेकला. डावा टेकेना. गुडघा वर उचललेलाच. त्यांनी हलकेच दाबून पाहिला. शरू किंचाळला. त्यांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली आणि नवऱ्याला हाक मारली. चारचौघांत सोडाच, घरातसुद्धा त्या कधी ओरडून हाक मारत नसत. त्या दिवशी मारली.

दुसऱ्याच दिवशी शेगाववरून एसटीने खामगाव गाठलं. डॉक्टरांनी पाय हातात घेतला, वाकवला, सरळ करायला पाहिला. शरूने आईच्या पदरात तोंड खुपसलं. डॉक्टरांनी फीत काढून मांडी मोजली, मागचा कागद काढून पाहिला, पुन्हा मोजली.

"हा खेळत होता ना?"

"हो," गुरुजी म्हणाले.

"मग बंद कधी झालं?"

"दसऱ्यानंतर."

"का? ताप आला होता? पडला होता?"

शारदाबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. त्यांनी सांगितलं असतं तर गुरुजींना सोपं गेलं असतं. 

"मी बंद केलं," गुरुजी म्हणाले, आणि सगळी हकीकत सांगितली. पंजाबरावांची थट्टा, कचरूचं सांगणं, रांगेतलं आपलं बोलणं, वही. ऐकून झाल्यावर डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: रोज दोनदा पाय सरळ करायचा, गुडघ्यावर वाळूची पिशवी ठेवायची, आणि जूनमध्ये मुंबईहून लोखंडी पट्ट्यांचा बूट मागवायचा. मग लेखणी ठेवून म्हणाले, "एवढ्याने आहे तिथे थांबेल कदाचित. गुडघा पुन्हा सरळ व्हायचा असेल, तर पोर पळायला पाहिजे. व्यायाम म्हणून तो पळणार नाही. खेळ म्हणून पळाला तर बघा. अजून वय आहे."

एसटीत शरू आईच्या मांडीवर झोपला. गुरुजी सारा रस्ता त्या वर उचललेल्या गुडघ्याकडे बघत आले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. पलीकडच्या बाकावरची बाई शारदाबाईंना विचारू लागली, की यांच्या घरी काही दुःखाचं झालं का. शारदाबाई म्हणाल्या, हो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुरुजी शरूला घेऊन मैदानावर गेले. शिट्टी घरी ठेवली होती, पुस्तकही. पोरं त्यांना बघताच खेळ थांबवून रांगेत उभी राहायला लागली.

"रांग नको," गुरुजी म्हणाले. "बसा. नाही, बसू नका. हे बघा, माझं चुकलं. मी तुम्हाला दसऱ्यानंतर जे सांगितलं ते चुकीचं होतं. तुम्ही आधी खेळायचे तसेच खेळा. शरूला घ्या. तुम्ही घ्यायचे तसाच घ्या." गुरुजींना असं बोलताना पोरांनी कधी पाहिलं नव्हतं. ती एकमेकांकडे बघू लागली. बाजेवर पंजाबराव होते. त्यांनी पानाची पिचकारी टाकायची म्हणून मान वळवली आणि बराच वेळ तिकडेच ठेवली.

"हाव गुरुजी," कचरू म्हणाला. "चाल बे शरू, तू माह्याकडून."

शरूला जायचं नव्हतं. पण त्याने बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि वही बाजेवर ठेवून तो गेला. मांडीवर हात दाबून पहिल्या पाटीपाशी उभा राहिला. गुडघा आता सरळ होत नव्हता, त्यामुळे तो बोटांवर चालत होता. पाटीवरच्या पोराने हात पसरले, पुढे आला आणि मग एक पाऊल मागे सरला. शरू पार झाला. दुसऱ्या पाटीवरच्या पोराने हात पसरलेच नाहीत. तिसऱ्याने वाट सोडली. चौथ्या पाटीपाशी शरू थांबला.

"धर नं बे मले," तो म्हणाला.

पाटीवरच्या पोराने गुरुजींकडे पाहिलं.

"तिकडे काय पायतं? धर." शरूने आपला हात त्याच्यापुढे केला. "हे घे. लाव हात."

त्या पोराने दोन्ही हात पाठीमागे नेले. पोर काही वाईट नव्हतं. काल खामगावहून आलेली बातमी सगळ्या गावाला कळली होती, घरोघर आयांनी पोरांना बजावलं होतं, की मास्तरच्या पोराले धक्का लागू देऊ नोका. आणि समोर बाप उभा होता, ओले डोळे घेऊन.

शरू थोडा वेळ तसाच हात पुढे करून उभा राहिला. मग त्याने हात पुन्हा मांडीवर ठेवला आणि चालत चालत पाचवी पाटी ओलांडली, सहावी, सातवी, आठवी, नववी. तिकडून वळला आणि तसाच चालत परत आला. वाटेत कोणी आलं नाही. शेवटची रेघ त्याने ओलांडली तेव्हा सगळी पोरं एका सुरात 'लोण' म्हणून ओरडली आणि टाळ्या वाजवायला लागली. शरू ओरडला नाही. तो गुरुजींपाशी आला आणि म्हणाला, "चला घरी."

वाटेत गुरुजी म्हणाले, "माझ्यामुळे झालं ते. मी उभा होतो म्हणून. उद्या मी येत नाही, तू एकटाच ये. मी नसलो की ते पहिल्यासारखे धरतील तुला."

शरू चालत राहिला. पंजाबरावांचा गोठा मागे पडला, शाळा आली. शाळेच्या कोपऱ्यावर तो दम खायला थांबला आणि बापाकडे बघून म्हणाला, "पण बाबा, मला आता ठाऊक आहे. मग मी कसं खेळायचं?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. गणित अडलं की विचारायचा तसंच त्याने विचारलं होतं, आणि उत्तर मिळेल म्हणून तो वाट बघत होता. गुरुजी खाली वाकले. त्यांनी त्याला उचलून घ्यायला हात पुढे केले.

"नको," शरू म्हणाला. "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना." आणि मांडीवर हात दाबून, बोटांवर जोर देत तो पुढे निघाला. गुरुजी वाकलेले तसेच थोडा वेळ राहिले आणि मग त्याच्या मागून चालू लागले.